जोडी जुळली, दुवा तुटला तर काय?

विशेष प्रतिनिधी, नागपूर

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली असताना राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार अचानक थांबले. दुसऱ्या दिवशी त्या महिन्याच्या वायदा सौद्यांची मुदत संपणार होती, त्यामुळे उलाढालीला जोर होता. मुंबईपासून नागपूरपर्यंत आणि दिल्लीपासून कोईमतूरपर्यंत दलालांच्या कार्यालयांतील पडदे गोठले. मुंबई शेअर बाजार मात्र चालू होता. अनेक दलालांनी आपल्या ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे तिकडे मिटवून टाकले आणि त्यात कित्येक लहान गुंतवणूकदारांना तोटा सोसावा लागला. दुपारी पावणेचार वाजता राष्ट्रीय बाजार पुन्हा उघडला आणि पाच वाजेपर्यंत चालविण्यात आला. ज्यांचे सौदे आधीच मिटले होते, त्यांच्यासाठी ही वरातीमागून आलेली घोडीच ठरली.

हा घोळ ना सायबर हल्ल्याने झाला होता, ना आगीने. बाजाराने पुढे दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, मुख्य संगणक केंद्र आणि जवळचे दुसरे केंद्र यांना जोडणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या दूरसंचार वाहिन्या विस्कळीत झाल्या होत्या. कारण काय, तर त्या मार्गावरील रस्त्यांचे खोदकाम आणि बांधकाम! हा दुवा तुटला तरी मुख्य केंद्रातील काम चालू राहावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात क्लिअरिंग कंपनीची माहिती साठविणारी यंत्रणाच सर्व्हरना दिसेनाशी झाली. जोखीम व्यवस्थापन बंद पडले आणि त्याविना बाजार चालविणे शक्य नव्हते. संकटात कामी यावी म्हणून उभारलेली व्यवस्थाच संकटाचे निमित्त झाली, हा या घटनेतील खरा बोध आहे. त्याची चर्चा मात्र तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी झाली नाही.

ती व्हायला हवी. कारण आज आपले वेतन, ठेवी, सातबारा, रुग्णालयातील नोंदी आणि मुलांच्या गुणपत्रिका कोठल्या तरी संगणकाच्या तबकडीवर असतात आणि 'आमच्याकडे दुसरी प्रत आहे' या एका वाक्यावर आपण निर्धास्त असतो. दुसरी प्रत असणे आणि ती वेळेवर उपयोगी पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर ठरते ते जोडी कशी बांधली यावर.

जोडी म्हणजे काय?

मोठ्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या आजही ज्या महासंगणकांवर विसंबून असतात, त्या मेनफ्रेमची साठवण 'व्हॉल्यूम' नावाच्या भागांत विभागलेली असते. व्हॉल्यूम म्हणजे हिशेबाची एक स्वतंत्र वही समजावी. अशा हजारो वह्या एका केंद्रात असतात. दूरच्या केंद्रात तितक्याच, किमान तेवढ्याच मापाच्या वह्या ठेवल्या जातात आणि इकडची अमुक वही तिकडच्या तमुक वहीशी बांधली जाते. हीच जोडी. जोडीतील एक मूळ, दुसरी प्रत. आधी संपूर्ण मजकूर एकदा उतरवून घेतला जातो आणि त्यानंतर मूळ वहीत पडणारी प्रत्येक नोंद आपोआप प्रतीत उमटत राहते. १९९० च्या दशकात साठवण यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांनी हे तंत्र बाजारात आणले. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यानंतर तर वित्तसंस्थांना त्याच्याकडे दुर्लक्ष करणे अशक्यच झाले.

जोडी बांधताना अभियंत्यासमोर पहिला प्रश्न असतो तो थांबायचे की नाही, हा. एका पद्धतीत दूरच्या केंद्रातून 'नोंद पोहोचली' असा निरोप येईपर्यंत मूळ केंद्रातील व्यवहार पूर्ण मानला जात नाही. हिला समकालिक पद्धत म्हणतात. मूळ केंद्र भस्मसात झाले तरी पूर्ण झालेला एकही व्यवहार हरवत नाही, हा तिचा गुण. दुसऱ्या पद्धतीत मूळ केंद्र थांबत नाही. नोंद करून पुढे जाते आणि प्रत मागून येत राहते. यात वेग मिळतो, पण आपत्ती कोसळली तर वाटेत असलेल्या काही सेकंदांच्या वा मिनिटांच्या नोंदींवर पाणी सोडावे लागते.

मग सगळ्यांनी पहिलीच पद्धत का वापरू नये? उत्तर भौतिकशास्त्रात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे शंभर किलोमीटरवर जाऊन परत यायला त्याला एक मिलिसेकंद लागतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. केबलची वाट वळणावळणाची असल्याने ती आठशे किलोमीटर धरली, तर प्रत्येक नोंदीमागे किमान आठ मिलिसेकंदांची वाट पाहणे आले. आधुनिक साठवण यंत्र तीच नोंद एका मिलिसेकंदाच्या आत पूर्ण करते. रात्रीच्या हिशेबात एकामागून एक दहा लाख नोंदी करायच्या असतील, तर नुसत्या वाट पाहण्यातच सव्वादोन तास जातील. कितीही पैसा ओतला तरी प्रकाशाचा वेग वाढविता येत नाही.

म्हणूनच मोठ्या संस्था तीन केंद्रांची रचना करतात. एक मुख्य, दुसरे काही किलोमीटरवरचे जवळचे केंद्र आणि तिसरे शेकडो किलोमीटर दूर. मुख्य आणि जवळचे यांची समकालिक जोडी. दूरच्या केंद्राकडे प्रत मागून जाते. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने शेअर बाजारांना हीच चौकट घालून दिली आहे. दूरचे केंद्र किमान पाचशे किलोमीटरवर असावे आणि माहिती अजिबात हरवू नये यासाठी जवळचेही केंद्र असावे, असे तिचे म्हणणे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा एकाच शहरातील दोन केंद्रे एकाच पाण्यात सापडू शकतात हे मुंबईने अनुभवलेच होते.

ठरवायचे कोणी?

आता दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न. दोन केंद्रांतील दुवा तुटला, तर मुख्य केंद्राने काय करावे? काम चालू ठेवले तर प्रत मागे पडत जाते आणि त्याच वेळी आपत्ती आली तर माहिती गमावण्याचा धोका राहतो. काम थांबविले तर माहिती सुरक्षित राहते, पण बाजार बंद पडतो. ही निवड जोडी बांधताना एका छोट्याशा खुणेने करावी लागते. यंत्र स्वतःच्या बुद्धीने काही ठरवत नाही. त्याला आधी जे सांगून ठेवले असेल, ते ते करते. आणि कधी कधी, २०२१ मध्ये दिसले त्याप्रमाणे, सांगितल्याहून वेगळेच वागते.

वरवर पाहता ही तांत्रिक बाब वाटते. प्रत्यक्षात तो धोरणात्मक निर्णय आहे. तोटा कोणी सोसायचा, याचा तो निवाडा असतो. पेढी काही तास बंद राहून ग्राहकांची गैरसोय व्हावी, की पेढी चालू राहून काही ग्राहकांच्या नोंदी हरवण्याची जोखीम घ्यावी? हा निर्णय संचालक मंडळाने जाणीवपूर्वक घ्यायला हवा. अनेक ठिकाणी तो यंत्र पुरविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याने उभारणीच्या दिवशी घेतलेला असतो आणि संचालकांना त्याची गंधवार्ताही नसते.

आणखी दोन खाचखळगे असे, की ज्यांत चांगले जाणकारही पडतात. इतवारीतील एखादा व्यापारी मुंबईच्या पुरवठादाराला पन्नास हजार रुपये पाठवितो. त्याच्या खात्यातील वजावट एका व्हॉल्यूमवर आणि पुरवठादाराच्या खात्यातील जमा दुसऱ्या व्हॉल्यूमवर नोंदली जाते. दोन जोड्यांपैकी एक दुसरीच्या तीन सेकंद मागे असेल आणि नेमकी त्या क्षणी वीज गेली, तर प्रतीत वजावट दिसेल, जमा दिसणार नाही. प्रत्येक वही स्वतंत्रपणे बरोबर, पण ताळेबंद चूक! म्हणून परस्परांशी संबंधित जोड्यांचा एक गट करावा लागतो आणि सगळ्या जोड्या एकाच क्षणाशी थांबतील अशी तजवीज करावी लागते. नवे व्हॉल्यूम वाढविले आणि ते गटात घालायचे राहून गेले, तर ही चूक आपत्तीच्या दिवशीच उघडकीस येते.

दुसरा खळगा दिशेचा. आपत्तीनंतर काम दूरच्या केंद्रात नेले, की प्रत हीच मूळ होते. मुख्य केंद्र दुरुस्त झाल्यावर नवी माहिती उलट दिशेने आणावी लागते. त्या घाईत मूळ कोण आणि प्रत कोण याची गल्लत झाली, तर कालची शिळी माहिती आजच्या ताज्या माहितीवर चढते. यंत्र ही आज्ञा निमूटपणे आणि झपाट्याने पाळते.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

याहूनही मोठा गैरसमज म्हणजे जोडी असली की बॅकअपची गरज नाही, हा. जोडी चांगले-वाईट जाणत नाही. कर्मचाऱ्याने चुकून नोंदी पुसल्या तर त्या प्रतीतूनही क्षणार्धात पुसल्या जातात. खंडणीखोरांनी माहिती कुलूपबंद केली, तर कुलूपबंद माहितीचीच इमानेइतबारे प्रत होते. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असा हल्ला झाला, तेव्हा सुमारे दोन आठवडे रुग्णनोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे. म्हणजे हवी असते ती जाळ्यापासून तोडलेली, जुन्या तारखांची, हात लावता न येणारी प्रत. जोडी आगीपासून आणि पुरापासून वाचविते. चुकीपासून आणि चोरापासून वाचविते ती ही वेगळी प्रत.

आणि दोन्ही नसतील तर काय होते, याचे धडधडीत उदाहरण सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाने जगासमोर ठेवले. २६ सप्टेंबर रोजी डेजॉन शहरातील राष्ट्रीय माहिती केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठवण व्यवस्थेतील ८५८ टेराबाइट माहिती कायमची नष्ट झाली. आकार फार मोठा असल्याने तिची बाहेर प्रतच ठेवण्यात आली नव्हती. संगणकीकरणात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही गत!

आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेली आग कोण विसरेल? पाच जणांचे प्राण गेले आणि वरच्या मजल्यांवरील दालने फायलींसह खाक झाली. 'कागद जळाले, आता सारे संगणकावर आणू' हा तेव्हाचा निष्कर्ष योग्यच होता, पण अपुरा. संगणकही जळतो, हे कोरियाने दाखवून दिले.

नागपूरचे स्थान

या साऱ्यात नागपूरने स्वतःकडे कसे पाहावे? समुद्रापासून दूर, मुंबईहून पाचशे किलोमीटरपेक्षा पुष्कळ अधिक अंतरावर, देशाच्या मध्यभागी असलेले हे शहर २००२ च्या भारतीय मानकानुसार भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या दुसऱ्या पट्ट्यात मोडते. मुंबई तिसऱ्या पट्ट्यात येते. रिझर्व्ह बँकेच्या देशांतर्गत सोन्यासाठी मुंबईबरोबर नागपूरच्या तिजोऱ्या वापरल्या जातात, हे सर्वश्रुत आहे. जे सोन्याला लागू, ते माहितीलाही लागू. मिहानमध्ये माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आल्या आहेत आणि मुंबईतील संस्थांच्या दूरच्या केंद्रासाठी नागपूर हे स्वाभाविक ठिकाण आहे, यात शंका नाही.

परंतु 'आपल्याकडे काही होत नाही' या समजुतीला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तडा गेला. अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी ले-आऊट, धरमपेठ, सीताबर्डी परिसरांतील घरे-दुकानांत शिरले. तळमजले आणि तळघरे बुडाली. अनेक कार्यालयांचा सर्व्हर कोठे असतो? जिन्याखाली नाही तर तळघरात. आणि त्याची प्रत? बहुधा त्याच खोलीतील दुसऱ्या कपाटात. नकाशावरचा पट्टा सुरक्षित असला म्हणून इमारतीचे तळघर सुरक्षित होत नाही.

लहान सहकारी बँकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. स्वतःचे केंद्र उभारण्याची ऐपत नसल्याने त्या एखाद्या सामायिक सेवा पुरवठादारावर अवलंबून असतात. ३१ जुलै २०२४ रोजी अशाच एका पुरवठादारावर खंडणीखोर हल्ला झाल्याचे उघड होताच राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने त्याला किरकोळ देयक व्यवस्थेपासून तात्पुरते वेगळे केले आणि देशभरातील सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. एका ठिकाणचा दोष तीनशे दारांवर 'सर्व्हर डाऊन आहे'ची पाटी लावू शकतो. खातेदाराला मात्र आपली बँक कोणाच्या दोरीला बांधली आहे, हे ठाऊकही नसते.

सरावाला पर्याय नाही

राष्ट्रीय बाजार बंद पडला त्याच दिवशी सेबीने विचारणा केली होती, की व्यवहार दूरच्या केंद्रात का हलविले नाहीत? प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. कोट्यवधींची दुसरी यंत्रणा तयार असताना ती वापरण्याचा निर्णय होत नाही, याचे एक कारण म्हणजे तिच्यावर पुरेसा भरवसा नसणे. भरवसा येतो सरावाने. मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम कडक केले. बिघाड झाल्यापासून तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत काम पूर्ववत करायचे. हरवणारी माहिती पंधरा मिनिटांपेक्षा अधिक काळाची नसावी, हेही बंधन. २ मार्च २०२४ रोजी, शनिवार असूनही, शेअर बाजार मुद्दाम उघडण्यात आले. सकाळचे सत्र मुख्य केंद्रातून आणि साडेअकराचे सत्र दूरच्या केंद्रातून, खऱ्या पैशांच्या खऱ्या सौद्यांसह, पार पडले. १८ मे रोजी पुन्हा तसेच करण्यात आले. रिझर्व्ह बँकेनेही १८ एप्रिल २०२१ रोजी, रविवारी, मोठ्या रकमांची आरटीजीएस सेवा मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत, चौदा तास, बंद ठेवली होती. आपत्तीनंतर ती अधिक लवकर उभी राहावी, यासाठीच्या तांत्रिक सुधारणेकरिता. आधी पूर्वसूचना देऊन चौदा तास थांबणे हे ऐन वेळी चार तास अडकण्यापेक्षा केव्हाही बरे.

देशाच्या शिखर संस्थांनी ही शिस्त अंगी बाणविली आहे. ती अद्याप जिल्हा पातळीवर उतरलेली नाही. महापालिका, विद्यापीठे, रुग्णालये, पतसंस्था यांच्या संगणकीकरणाच्या निविदांत यंत्रे असतात, परवाने असतात, देखभालीचा करारही असतो. दरसाल अमुक दिवशी मुख्य यंत्र बंद करून प्रतीवर कारभार चालवून दाखवावा, अशी अट मात्र क्वचितच दिसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण नियमांत, बिघाड झाल्यास काम चालू राहावे म्हणून बॅकअपसह उपाय योजण्याची जबाबदारी माहिती हाताळणाऱ्या संस्थांवर टाकण्यात आली आहे. हे नियम टप्प्याटप्प्याने लागू होणार असल्याने तयारीला अवधी आहे. पण कागदावर बॅकअप दाखविणे सोपे असते. तो चालवून दाखविणे अवघड.

यात नागरिकालाही करण्याजोगे काही आहे. सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी होतात. तेथे लाभांशावर आणि चहा-नाश्त्यावर बरीच चर्चा झडते. त्याच सभेत सभासदाने उभे राहून चार प्रश्न विचारावेत. आमच्या खात्यांची दुसरी प्रत कोणत्या शहरात आहे? ती मूळ नोंदींच्या किती मिनिटे मागे असते? दुवा तुटला तर काम थांबवायचे की चालू ठेवायचे, हे संचालक मंडळाने ठरविले आहे काय? आणि त्या प्रतीवर बँक प्रत्यक्ष चालवून पाहिल्याची शेवटची तारीख कोणती? उत्तरे समजायला अभियंता असण्याची गरज नाही. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कदाचित पुरवठादाराच्या माहितीपत्रकात सापडतील. चौथ्याचे उत्तर मात्र तारखेनेच द्यावे लागेल आणि ती तारीख नसेल, तर आधीच्या तीन उत्तरांना फारसा अर्थ उरत नाही.